तिच्या हातचा डाख

सोनारअण्णांकडे साऱ्या गल्लीचे दागिने येत, पण त्या दुपारी त्यांची लेक आली ती आपल्या आईची साखळी घेऊन. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. डबीत पडून पडून साखळी काळीठिक्कर झालेली, त्यात एक कडी तुटलेली.

"परवा निघायचंय, अण्णा. जोडून द्या. आणि ते शेजारचं ढेकूळही काढा, कसं दिसतं ते."

ढेकूळ म्हणे! अहो, तो अण्णांचा अख्खा संसार होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोने हट्टाने फुंकणी घेतली आणि स्वतःची साखळी स्वतःच सांधली. डाख, म्हणजे सांध्यात भरायची पितळ मिसळलेली चांदी, हवा त्याच्या चौपट ओतला. वर म्हणाली, ज्योतच वाकडी होती. "नाचता येईना, अंगण वाकडं," असं अण्णांनी तिला जन्मभर चिडवलं.

आता पंचाईत अशी, की शुद्ध चांदी आगीला लवकर दाद देत नाही, पण पितळ मिसळलेली चटकन पाघळते. तुटक्या कडीला आच दिली की शेजारचं ढेकूळ वाहून जाणार. ते गेलं तर तिच्या हातचं काय उरणार?

अण्णांनी नव्या डाखात पितळ वाढवलं, म्हणजे तो तिच्या डाखाआधी वितळावा. असला हलका डाख त्यांनी गिऱ्हाइकाला कधी लावला नव्हता. आच लागू नये म्हणून ढेकळावर ओला गेरू थापला. फुंकताना श्वास पुरेना, ज्योत भलतीकडे वळली, गेरूची कड निखाऱ्यासारखी तापली. तेवढ्यात नवा डाख कडीत उतरला आणि अण्णांनी फुंकणी बाजूला टाकली. गेरू खरवडला, तर ढेकूळ जागच्या जागी.

राहिला काळेपणा. घासून काढावा तर चांदी झिजते. त्यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ कागदावर साखळी ठेवून सोड्याचं कढत पाणी ओतलं. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. ॲल्युमिनियम स्वतः झिजलं, पण तिला काळं करणाऱ्या गंधकाच्या तावडीतून चांदी सुटली; काळी पडलेली होती तिथल्या तिथे परत चांदी झाली. गेलेलं माणूस असं परत आणता आलं असतं तर, असं अण्णांना फार वाटलं.

"ढेकूळ राहिलंच की," लेक म्हणाली.

"तुझ्या आईने सांधलंय ते."

लेकीने साखळी हातात घेतली. "मला वाटायचं, तुमचंच काम. तुम्हाला यायला उशीर झाला की आई दारात उभी राहून त्यावरून अंगठा फिरवायची. तुम्हीच ठेवा ही."

"नको," अण्णा कसेबसे म्हणाले. "गळ्यात असली की उजळ राहते. इथं डबीत पुन्हा काळी पडेल."

लेक साखळी घालून गेली. अण्णा कितीतरी वेळ दारातच उभे होते, आणि त्यांचा अंगठा नुसत्याच बोटावर फिरत होता.