‘उलटा तंबोरा’ची परतफेड: सुलतानपूर, रोहिणखेड, वरवट बकाल

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यात सोडून मला आठ महिने झाले होते आणि मृण्मयीच्या प्रेमात पडून अकरा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं मी घरी सांगितलंय. मृण्मयी पुण्यातल्या ‘उलटा तंबोरा’ नावाच्या बँडमध्ये गाते. एका संध्याकाळी मी तिला सरळ विचारूनच टाकलं. ती म्हणाली, "आम्ही बुलढाण्याला चाललोय, चॅरिटी टूरवर. तू तिकडचाच ना? चल आमच्याबरोबर. परत आलो की उत्तर देते."

माझी बॅग अर्ध्या तासात भरून झाली.

दौऱ्याचं नाव ‘परतफेड’. बँडने तीन वर्षं गावोगावी, म्हणजे पुणे, मुंबई, गोवा आणि एकदा दुबई, कार्यक्रम केले होते. आता समाजाला काहीतरी परत द्यायची वेळ आली होती. बुलढाणाच का, असं मी विक्रांतला विचारलं. विक्रांत ड्रम वाजवतो आणि बँड त्याच्याच शब्दावर चालतो. तो म्हणाला, "खूप रॉ आहे रे तिकडे सगळं." आमचं घर त्याच जिल्ह्यात, खामगावात आहे. मी गप्प बसलो, कारण मृण्मयी शेजारी बसली होती.

पहिला दिवस. पहाटे पाचला टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा असं गेलात तर दुपारी दोनला सुलतानपूर येतं. आम्ही चारला पोचलो, कारण विक्रांतला वाटेत तीन ठिकाणी ड्रोन उडवायचा होता. जालन्याच्या पुढे जेवून घ्या, नंतर धड हॉटेल मिळेलच असं नाही. भाजी-भाकरी सांगा, पनीर सांगू नका. आमच्या मंडळींनी पनीर सांगितलं आणि सुलतानपूर येईपर्यंत त्याबद्दल बोलत राहिली.

सुलतानपूरच्या शाळेला वीस उकुलेले दिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गिटार लहानपणी आजारी पडली तर जशी दिसेल तसं ते वाद्य असतं. मुलांनी ती छातीशी धरली, फोटो झाले, विक्रांतचं भाषण झालं. मग तिथल्या सरांनी शांतपणे विचारलं, "ते समदं बेस हाय. पण शिकवायला कोण येणार?"

"यूट्यूबवर सगळं आहे, सर."

"यूट्यूब हाय. लाईट कुठंय?"

विक्रांत हसला. त्याला तो विनोद वाटला. सरांनी वीसच्या वीस उकुलेले मोजून कपाटात ठेवली. त्या कपाटात आधीच दोन दुर्बिणी होत्या, त्याही कुणीतरी अशाच समाजाला ‘परत’ दिलेल्या. 

तिथून लोणार बारा किलोमीटर. सूर्यास्ताआधी सरोवराच्या कडेला पोचा, खाली उतरायचं तर सकाळी जा आणि पाणी बरोबर न्या. कडेवर उभं राहून मृण्मयी म्हणाली, "तू असा गप्प असलास की बरा वाटतोस." मी पुढचा तासभर बोललो नाही. लॉजवर आठशेत डबल रूम मिळाली. गरम पाणी बादलीने येतं.

दुसरा दिवस. मेहकर, चिखली, बुलढाणा, मग राजूर घाट उतरून मोताळ्याच्या बाजूने रोहिणखेड. घाटात गाडी लावून चहा प्या, रस्ता छान आहे. रोहिणखेडची जुनी मशीद मी लहानपणी पाहिली होती. दगडावरचं कोरीव काम बघायला तासभर तरी ठेवा. विक्रांतला मात्र ‘अकूस्टिक्स’ हवं होतं. मशिदीत गाणं रेकॉर्ड करायचं, आणि ते गावाला ‘अर्पण’ करायचं. विचारायला अर्थातच मला पाठवलं.

दाराशी एक म्हातारे चाचा बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नमाजचा टाइम होऊन राह्यला बेटा. त्या लिंबाखाली गा न, सावली हाये. कोन हायेत हे?"

"पुण्याचे गाणारे हायेत चाचा. परतफेड करायले आले."

"काऊन? आपल्या गावातून काय नेलं होतं त्याईनं?"

मी हे भाषांतर करून सांगितलं नाही.

नमाज आटोपल्यावर मृण्मयी लिंबाखाली गायली. माईक नाही, काही नाही. तिच्याबद्दल मी किती रागाने लिहायला बसलो तरी हे लिहावंच लागेल, की चाचांनी डोळे मिटून घेतले आणि रस्त्यावरचा एक मोटारसायकलवाला गाडी बंद करून थांबला. गाणं संपल्यावर चाचा मला म्हणाले, "पोरीचा आवाज सोनं हाये. बाकीचे कायले आनले?"

नांदुऱ्यावरून जाताना ती खिडकीशी झोपली. मी उत्तर काय येणार याचा हिशेब करत होतो आणि तो दरवेळी माझ्या बाजूनेच लागत होता.

तिसरा दिवस. रात्रीचा मुक्काम शेगावला झाला होता. कचोरी सकाळी गरम असतानाच खा, सोबत तळलेली मिरची मागून घ्या. वरवट बकालला जाताना पूर्णा ओलांडावी लागते. हा सगळा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारट, म्हणून पाण्याच्या बाटल्या शेगावातच भरा.

वरवटला ठरला होता ‘वाद्यांचा दवाखाना’: गावातली वाद्यं फुकट दुरुस्त करून द्यायची. गाव मी सुचवलं होतं. इथली भीमगीतांची पार्टी दर जयंतीला आमच्या खामगावात यायची, सुखदेवकाका ढोलकीवर आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव कांतामामी म्हणतं, त्या गायला. त्यांना फोनही मीच केला. काकांनी ढोलकी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दोरी तेवढी ढिली झाली, तानून द्या म्हना. पानाले हात नोका लावू. सात वर्सं लागली त्याले असं बोलायले." पान म्हणजे ढोलकीच्या तोंडावरचं कातडं. दुसऱ्या दिवशी दहाला शेजारच्या गावी विहारात त्यांचा कार्यक्रम होता. काका शेतात मोटर बघायला गेले. मी निरोप विक्रांतला दिला. तो म्हणाला, "हो हो." मग मृण्मयीने चहाला बोलावलं आणि मी गेलो.

ढोलकीच्या डाव्या, घुमणाऱ्या बाजूच्या कातड्याला आतून काळा मसाला लावलेला असतो. ढोलकीचा घुमारा त्याच मसाल्याचा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. विक्रांतची अख्खी हयात प्लॅस्टिकच्या पानांवर गेलेली. त्याने दोरी सोडली, पान काढलं, आत काळा थर बसलेला दिसला, त्याला ती बुरशी वाटली. कॅमेरा सुरू करून, हातमोजे घालून त्याने तो थर चाकूने खरवडला. कातडं फाटलं. मग त्यावर उपाय म्हणून त्याने आपल्या पेटीतलं परदेशी प्लॅस्टिकचं पान कापून बसवलं, आणि वर बँडचं स्टिकर.

काका आले. ढोलकी मांडीवर घेतली, डाव्या हाताने एक थाप मारली. टप्प. परत मारली. टप्प. चौकात वीस-पंचवीस माणसं होती, कुणी हसलं नाही.

"इम्पोर्टेड आहे काका," विक्रांत म्हणाला. "धुता येतं."

"हाव," काका म्हणाले. "पानी भरायच्या कामी येईन."

मृण्मयीने मला कोपराला धरून बाजूला नेलं. "त्यांना सांग ना, कातडं आधीच कुजलं होतं. आज व्हिडिओ गेला नाही तर पुढच्या दौऱ्याचा स्पॉन्सर जाईल. तुझं ऐकतील ते." मग हळू आवाजात, "हे सांभाळून घे. मग बोलू आपण. आजच बोलू."

मला ते ‘आजच’ एवढंच ऐकू आलं. मी काकांसमोर जाऊन उभा राहिलो. कॅमेरा चालूच होता. म्हणालो, "काका, त्याचं असं आहे, की ते कातडं मुळातच आतून..."

कांतामामी ओट्यावरून म्हणाल्या, "बाबू, तू तं खामगावचा. मंग आमच्यासंगं पुन्याचं काऊन बोलून राह्यला?"

पुढचं मी ठरवून बोललो नाही. "काका, पान चांगलं होतं. यानं खरवडून फाडलं. हात नोको लावू म्हनून मी सांगतलं होतं, पन मी चहा पियाले गेलो. हे खोटं बोलाले मले आत्ता पाठवलं." एवढं बोलून थांबायचं होतं, पण माझा स्वभाव. ते स्टिकर उपटून मी विक्रांतच्या शर्टावर चिकटवलं आणि म्हणालो, "घे बे, तुही परतफेड."

ट्रॅव्हलर पाऊण तासात निघाली, माझी बॅग ओट्यावर ठेवून. मृण्मयी खिडकीशी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

काकांनी मला शिव्या दिल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. संध्याकाळी ते मला मोटारसायकलवर मागे बसवून पलीकडच्या गावातल्या पार्टीकडे गेले. एका स्पर्धेच्या निकालावरून या दोन पार्ट्यांचं बोलणं बंद होतं. काकांना दारात उभं राहून ढोलकी मागावी लागली. त्या लोकांनी दिली, पण आधी पाणी, मग चहा पाजून, मग जुना निकाल पुन्हा एकदा सगळा ऐकवून. विहारातला कार्यक्रम त्याच उसन्या ढोलकीवर झाला. काका दरवेळी थाप मारल्यावर किंचित थांबत होते, परक्या माणसाशी बोलताना थांबतो तसे.

त्यांच्या ढोलकीला शेगावच्या कारागिराने नवं पान आणि नवा मसाला लावलाय. तो म्हणाला, वाजायला आठ दिवस, बोलायला काकांवर आहे.

आता मी खामगावात, घरी. दौऱ्याचा व्हिडिओ आला. त्यात काकांची थाप दिसते पण ऐकू येत नाही, वरून बासरी टाकलीय. मृण्मयीचा एकच मेसेज आला: "सगळ्यांसमोर? उत्तर तुला कळलं असेलच." कळलं. तरी लिंबाखालचं तिचं गाणं मी फोनवर चोरून रेकॉर्ड केलं होतं, ते रोज ऐकतो. पुसणार नाही. 

इथले मित्र मला हिरो समजतात, पाठीवर थापा मारतात. त्यांच्यासाठी आणि या गावांना जाऊ बघणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहून ठेवतो. ‘मुळातच आतून’ इथपर्यंत मी आलो होतो. ‘कुजलं होतं’ एवढेच दोन शब्द राहिले होते आणि ते तोंडात तयार होते. कांतामामी त्या वेळी ओट्यावर नसत्या, घरात भाकरी टाकत असत्या, तर मी ते बोललो असतो, चांगलं बोललो असतो, आणि आज पुण्यात तिच्याबरोबर सुखात असतो.