कौलात न विचारलेला प्रश्न

डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "काका, काकूंना वेड लागलेलं नाही. त्यांच्या अंगातलं व्हिटॅमिन बी ट्वेल्व्ह जवळपास संपलंय."

मला पटलं नाही. रत्नागिरीच्या त्या दवाखान्यात सकाळपासून ताटकळलो, रक्त दिलं, मेंदूचा एमआरआय काढला, आणि निघालं काय तर व्हिटॅमिन? यांना काही सापडलं नाही, आता इंजेक्शनं टोचून बोळवण करणार, असंच वाटलं.

माझी बायको सुमती बाहेर बाकावर बसली होती. तहान लागली तरी पाणी पीत नव्हती, कारण बाटली मी भरली होती.

सुरुवात पायांना मुंग्या येण्यापासून झाली. मग आमटीत मीठ दोनदा पडू लागलं. एक दिवस तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आधी तुम्ही प्या." मी हसत प्यायलो. पुढे ते प्रत्येक पानावर होऊ लागलं. मी घास घेतल्याशिवाय ती जेवेना. मी तिला विष घालतोय, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

संशय मीही घेत होतो, तिच्या धाकट्या बहिणीचा, शालनचा. मी माळ घातल्यापासून पावसच्या आमच्या घरात मासळी शिजत नव्हती. पूर्णगडच्या समुद्राकाठी वाढलेल्या सुमतीने न सांगता स्वतःही मासे सोडले. शालन मात्र येताना पिशवीत सुकट आणायचीच. तीच बहिणीचे कान भरते, अशी माझी खात्री झाली.

मी ग्रामदेवतेपुढे कौल लावला. गुरवाने विचारलं, "काय मागू देवीकडे?" म्हटलं, "बाहेरून घरात काही आलंय का, ते विचार." देवीला लावलेल्या कळ्यांपैकी उजव्या बाजूची पडली. म्हणजे हो.

शालनला मी पायरीवरूनच परत पाठवलं. "भावजी, सुकट हाय ती, विख नाय," एवढंच ती म्हणाली. नंतर मी सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटलो की हिनेच बहिणीचं डोकं फिरवलं. ते खोटं होतं. हे लिहितोय ते मुख्यतः तेवढ्यासाठी.

डॉक्टरांनी सुमतीचा आहार विचारला. मासे बंद, अंडी नाहीत, दूध तिला लहानपणापासून आवडत नाही, चहासुद्धा कोराच. शिवाय पित्ताची गोळी रोजची, बरीच वर्षं.

"माळेला दोष देऊ नका," ते म्हणाले. "कितीतरी माळकरी दूध-दह्यावर ठणठणीत असतात. काकूंकडे तेही नव्हतं, आणि त्या गोळीमुळे असलेलं अंगी लागत नव्हतं." मेंदू एका पेशीकडून दुसरीकडे निरोप पाठवतो तो रसायनांमार्फत, आणि ती रसायनं नीट बनायला, नसांवरचं आवरण टिकायला हे व्हिटॅमिन लागतं, असं त्यांनी समजावलं. ते नसलं की कोणाची आठवण जाते, कोणाला भास होतात, कोणाला आपल्याच माणसाची भीती वाटते.

बाहेरून काय आलं, हे मी देवीला विचारलं होतं. घरात काय यायचं थांबलं, हे मी कोणालाच विचारलं नव्हतं.

इंजेक्शनं सुरू झाली, पित्ताची गोळी डॉक्टरांनी बंद केली. पहिले काही दिवस सुमती नर्सच्या सुईकडेही संशयाने बघायची. हळूहळू झोप लागू लागली. मग नातवाचं नाव न अडखळता आलं. मुंग्या अजून आहेत. त्या पूर्ण जातीलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

मी पूर्णगडला गेलो. शालनने बसायला सांगितलं नाही. "आता कौल कुणी दिला, भावजी?"

"डॉक्टरांनी," म्हटलं. "चूक माझी होती. सगळ्यांना तसं सांगेन. तू घरी चल."

ती आली, बांगडे घेऊन. पडवीत वेगळी चूल मांडून तिने त्यांचं दाट तिखलं केलं.

तुमच्या घरातलं वयस्कर माणूस एकाएकी संशय घेऊ लागलं, तर देवाला विचारायचं ते विचारा, पण डॉक्टरांना गाठून रक्तही तपासून घ्या. आणि त्याच्या पानात काय पडतं, ते रोज बघा. मी समोर बसून जेवत होतो आणि बघितलं नाही.

त्या दुपारी सुमतीने तिखल्याची ताटली माझ्यापुढे धरली. "घ्या. आधी तुम्ही चाखा."

माझा हात नकळत गळ्यातल्या माळेकडे गेला.

शालन खुदकन हसली, आणि मग सुमतीही. माझी वाट न बघता तिने पहिला घास घेतला.