कागद कुणी वाचायचा

माझ्याकडे सहा एअर रायफली आहेत. सहाही जुन्या, नळी खाली दुमडली की आतली स्प्रिंग दाबली जाते, त्या जातीच्या. कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना आमचं घर लागतं. इथली पावसाळी हवा लोखंडाची वैरीण, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी रोज दाढीच्या आधी सहा नळ्या पुसतो. बायको म्हणते, "सहा बंदुका घरात, आणि उंदीर मारायला मांजर पाळलंय." तिचं खरं आहे. मी आयुष्यात कागदाशिवाय कशावरही नेम धरला नाही. छंद अगदी निरुपयोगी आहे, आणि मला तो तसाच आवडतो.

बारा वर्षं हा छंद मी एका माणसाबरोबर केला. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्यांच्याशी मी जे वागलो ते अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला भाऊ. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. कुंभिवलीला हायवेलगत ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, घर खोपोलीत. आजोबांच्या वेळी किनाऱ्याकडून वर आलेलं मुसलमान कुटुंब. आमची ओळख एका वॉशरवरून झाली. माझ्या सर्वांत जुन्या रायफलीतलं चामड्याचं वॉशर गेलं होतं. ती छर्रा फेकायची नाही, नुसती खोकायची. भाईंनी जुन्या चपलेच्या चामड्याचं वॉशर कापलं, दोन दिवस तेलात भिजवलं आणि बसवून दिलं. वर म्हणाले, "आता एकदा मला चालवू द्या." पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःची रायफल घेतली.

दर रविवारी सकाळी ते यायचे. गुरं विकल्यापासून आमचा गोठा रिकामाच होता. त्याच्या एका टोकाला चिंध्या ठासून भरलेली लाकडी पेटी, मागे जाड पत्रा, पेटीवर टार्गेटचा कागद. दुसऱ्या टोकाला, मोजून दहा मीटरवर, आम्ही. पाच छर्रे झाले की कागद बदलायचा. आमचे दोन नियम होते. पहिला, बार झाला की बंदूक खाली घ्यायच्या आधी आपला छर्रा कुठे लागला ते आपणच सांगायचं: मधोमध दहा, बाहेर जाऊ तसे नऊ, आठ, जे असेल ते. मधल्या काळ्या वर्तुळात पडलेलं भोक दहा मीटरवरून दिसत नाही, पण चाप ओढताना नळी कुठे होती हे हाताला कळतं. ज्याला हे कळतं तोच खरा नेमबाज, असं भाई मानायचे, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकायचा नाही. दुसरा नियम, आपला कागद आपण वाचायचा नाही. दुसऱ्यानं पेटीपाशी जाऊन मोठ्यानं वाचायचा. वाचून झाला की कागद पाण्याच्या बंबात.

तीन वर्षांपूर्वी गणपतीनंतर भाईंच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी चहाच्या कपाला कळलं, मग रायफलीला. एका रविवारी ते म्हणाले, "सहा." कागदावर सहाच होता. मी तसं वाचलं आणि त्यांचा चेहरा जो उतरला तो मला बघवेना. पुढच्या बाराला ते पुन्हा "सहा" म्हणाले. मी भोकाकडे बघितलं आणि ओरडलो, "आठ, भाई! रेषेला शिवलाय!"

खोटं बोलणं पहिल्यांदाच काय ते जड जातं. दिवाळी येईपर्यंत मी सराईत झालो होतो. ते पाच म्हणायचे, मी आठ वाचायचो. ते सात म्हणायचे, मी नऊ. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा रविवार गोड करतोय. माझी मलाच कौतुकानं पाठ थोपटावीशी वाटायची. भाई मात्र हळूहळू गप्प होत गेले. छर्रा कुठे लागला ते सांगायच्या आधी थांबायचे, माझ्याकडे बघायचे. मी समजलो, कंपामुळे लाजतायत.

डिसेंबरात एका रविवारी पाच बार झाले. त्यांनी पाचही वेळा आकडा सांगितला, आणि मी पेटीकडे निघालो तशी मागून हाक आली. "भाऊ, आज कागद जाळू नका. घरी नेतो."

पेटीवरच्या कागदावर सगळं खरं होतं. पेटीजवळच्या खिडकीत माझा सकाळचा सरावाचा कागद पडला होता. तो मी त्यांच्याकडे पाठ करून उचलला, त्यावरचेच आकडे वाचले, "नऊ, नऊ, दहा, आठ, दहा," आणि तोच नेऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवला.

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. फोनही घेतला नाही. तिसऱ्या रविवारी मी मोटारसायकल काढली आणि खोपोली गाठली.

भाई पलंगावर बसले होते. सुनेनं चहा ठेवला आणि ती आत गेली. त्यांनी उशाखालून तो कागद काढला.

"हा तुमचा हाय," ते म्हणाले.

मी चहाचा कप उचलला.

"तुमी गोल डोक्याचे छर्रे वापरता. कागद फाटतो, भोकाला दशा राहतात. माझे चपट्या डोक्याचे. स्वच्छ गोल पडतं. बारा वर्षं तुमचे कागद वाचतोय मी."

"भाई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"हात गेला त्याचं वाईट मला कधीच नव्हतं, भाऊ. वय झालं, जाणारच. पण मी पाच सांगायचो आन् तुमी आठ वाचायचात. मला वाटलं, माझं डोकं जातंय. माझी आई शेवटी आमाला वळखत नव्हती. मी पनवेलला डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. घरात कुणाला सांगितलं नाय. दुकानाची किल्ली पोराला देऊन टाकली, म्हटलं उद्या आपण कुठं ठेवली तेच आठवायचं नाय." त्यांनी कागद मांडीवर सपाट केला. "हा घरी आणून दिव्याखाली धरला आन् रडलो. रागानं नाय. डोकं ठीक हाय म्हणून."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या. त्या दिवसाचं खरं काय होतं, ते वाचा."

तो कागद मी त्याच संध्याकाळी बंबात घातला होता, पण आकडे विसरणं शक्यच नव्हतं. मी म्हणालो, "सात. पाच. चार. सहा. पाच."

"मी काय बोललो होतो?"

"हेच, भाई."

"पाचीच्या पाची?"

"पाचही."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी सुनेला हाक मारली, "ऐकलंस का गं? पाचीच्या पाची बरोबर!" तिला काय कळणार, ती दारात उभी राहून हसली. भाई त्यानंतर रायफलीला हात लावू शकले नाहीत. इतक्या वाईट कागदावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि ती खुशी दर रविवारी त्यांच्या हक्काची होती. तीन महिने मी ती माझ्या हातानं जाळत होतो.