मुलाहिजा

अण्णा गेल्याचा निरोप नाशिकच्या एसटीच्या कंडक्टरनं आणला. वणीत आमच्याकडे फोन नाही, आणि भावाला तारेपेक्षा ओळखीचा कंडक्टर भरवशाचा वाटला. मी अंगणात गव्हाला ऊन दाखवत होते. "ताई, तुमचे वडील गेले सकाळी," तो म्हणाला, आणि गाडी उभी होती म्हणून लगेच वळला. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आता अण्णांकडे काही मागायची सोय उरली नाही... जलदानविधीला तीन आठवडे होत आले, तरी तेच येतं.

अण्णा नाशिक रोडला तुरुंगात शिपाई होते. क्वार्टरची खिडकी उघडली की समोर दगडी भिंत. आतल्यांना शिक्षेची मुदत तरी ठाऊक होती, आम्हाला तीही नव्हती. ड्यूटीवर जाताना अण्णा बाहेरून कडी घालत. आई, मी आणि भाऊ आत. नळाला पाणी आलं की शेजारच्या शेखचाची येऊन कडी काढायच्या. "कुणाचा मुलाहिजा ठेवणार नाही," हे अण्णांचं पालुपद. भाजी खारट झाली तरी तेच, मला शाळेतून यायला उशीर झाला तरी तेच. आणि नाही म्हणताना ते कधी आमच्याकडे बघत नसत. बुटांना पॉलिश करता करता बोलायचे. बुटांचं नशीब बाई मोठं!

शेखचाचा त्यांच्याच खात्यातले, उर्दू शिकलेले. एकदा आमच्याकडे चहा पिताना म्हणाले, "गायकवाड, सारखं मुलाहिजा मुलाहिजा करता, मतलब मालूम है क्या? अरबी शब्द आहे. मुलाहिजा म्हणजे नीट बघणं. नीट बघितलं की समोरचा माणूस दिसतो, आणि दिसला की आपला हात ढिला पडतो. म्हणून त्याचा अर्थ भीड, सवलत असा झाला." मला वाटलं, अण्णा हसतील. ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, "अर्थ ठाऊक नव्हता. पण मी बघत नाही, ते काही उगाच नाही." दाराआडून मी ऐकत होते.

मॅट्रिक झाल्यावर मला मुंबईला नर्सिंगला जायचं होतं. नंबरही लागला. त्या सकाळी अण्णा बूट घेऊन बसले होते. आई म्हणाली, "जाऊ द्या की हो. शिकली तर तुमचंच नाव होईल."

"पोरगी होस्टेलवर राहणार नाही. बाहेर काय काय चालतं ते मला विचार."

"अण्णा, एकदा माझ्याकडे बघून नाही म्हणा," मी म्हणाले. ब्रश थांबला. मान हलल्यासारखी वाटली... आणि ब्रश पुन्हा चालू झाला. त्याच वर्षी माझं लग्न झालं. नवरा भला माणूस आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण उंबरठा बदलला, एवढंच.

मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत. मला राग आहे, आणि मायाही आहे, तीच तर पंचाईत. मान वर केली असती तर नाही म्हणवलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आम्ही त्यांना दगड समजत होतो. तो माणूस जन्मभर नुसता घाबरून होता, आमच्यासारखाच कोंडलेला.

परवा मी तांदूळ निवडत होते. माझी सुनंदा, नुकतीच दहावी झालेली, दारात येऊन उभी राहिली. "आई, मला पुढचं शिकायला नाशिकला होस्टेलवर राहायचंय."

"बघू. घाई काय आहे एवढी?"

"आई, इकडे बघ ना."

तांदळात एकही खडा नव्हता, तरी माझी बोटं शोधत राहिली. मान काही केल्या उचलेना. भीती वाटत होती, पोरीला पाठवण्याचीच. मग कशीबशी मान वर केली. घारे, जाड पापण्यांचे, अगदी अण्णांचे डोळे माझ्याकडे टक लावून बघत होते.

"जा," म्हटलं.