होल्डवरची जागा

आमच्या विमान तिकिटांच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला सगळे 'वेळापत्रक' म्हणत. शेजारच्या देशातलं, आमची बरीच गिऱ्हाइकं जात ते शहर किती लांब, असं कुणी विचारलं की तो मान वर न करता सांगे: सरळ रेषेत सहाशे चाळीस किलोमीटर, विमानाने एक तास दहा मिनिटं. तिकडचं घड्याळ अर्धा तास पुढे, म्हणून तिकिटावर एक तास चाळीस दिसतात, घाबरू नका. रस्त्याने गेलात तर सीमेवरच दोन दिवस जातील.

त्याची धाकटी बहीण अकरा वर्षं त्याच शहरात राहत होती आणि हा एकदाही गेला नव्हता. रजा मागायची म्हटलं की याच्या तोंडाला कुलूप. दर वर्षी तिकडच्या विमानात स्वतःच्या नावाने एक जागा होल्डवर टाकायचा, म्हणजे पैसे न भरता नुसती धरून ठेवायचा, आणि कुणी अडलेलं गिऱ्हाईक आलं की सोडून द्यायचा. "जगाला पोचवतोस आणि स्वतः घाण्याचा बैल," मी म्हणायचे. तो हसायचा, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं. गुरुवारी बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि तिथे तिचं कुणी नव्हतं. बुधवारच्या एकुलत्या एक विमानात शेवटची जागा उरली होती. ती त्याने सोमवारी सकाळीच धरली, बहिणीला फोनवर तसं सांगितलंही. होल्ड संध्याकाळी सहापर्यंत. मी म्हटलं, आधी तिकीट काढून मोकळा हो, रजेचं मागाहून बघू. पण साहेबांना विचारल्याशिवाय काढायचं कसं, म्हणून तो दिवसभर दाराकडे डोळे लावून बसला.

साहेब सव्वापाचला आले ते एका बड्या गिऱ्हाइकाला घेऊनच. गिऱ्हाइकाच्या मेहुण्याच्या दुकानाचं तिकडे उद्घाटन होतं, बुधवारी जायलाच हवं होतं. बघ काही जमतंय का, साहेब म्हणाले. वेळापत्रकाने तोंड उघडलं, मिटलं, आणि त्याची बोटं आपोआप चालू लागली. त्याचं नाव गेलं, गिऱ्हाइकाचं आलं. मेल्याला सवयच तशी लागली होती.

साहेब केबिनमध्ये गेले आणि बहिणीचा फोन आला. जागा गेली, एवढंच तो कसंबसं म्हणाला. तिचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"दादा, जागा गेली, की तू सोडलीस?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इथल्या हॉस्पिटलच्या फॉर्मवर सोबत कोण म्हणून तुझं नाव लिहिलंय. खोडू का?"

त्याने टेबलाची कड घट्ट धरली होती. "शेजारीण येईल का तुझी? तिचं लिही," तो म्हणाला.

मी माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. साहेब समोर उभे होते तेव्हा मलाही बोलता आलं असतं, आणि मी बोलले नव्हते.