दोन बोटं खाली

माझे वडील, म्हणजे नान्ना, पॉवरलूमवर जॉबर होते. लूम बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. चाळीस लूम एकदम खडखडत असताना शेडच्या दारात उभं राहून ते सांगायचे, तिसऱ्या ओळीतल्या कडेच्या लूमचा, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा नीट बसत नाहीये. कुणीतरी बघायला जायचं आणि तो खरंच बसत नसायचा. असल्या माणसाला फसवायचं तर थोडी अक्कल लागते. माझ्याकडे ती होती, आणि तीच नडली.

निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, नान्ना गाडी चालवायला शिकले. लायसन्स मिळालं त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले, जे माझ्या पदवीच्या वेळी वाटले नव्हते. मग एक जुनी पांढरी छोटी गाडी घेतली. त्यांच्या लेखी तिचा उपयोग एकच. दर रविवारी सकाळी अम्माला शेजारी बसवून हिप्परग्याच्या तलावावर जायचं, बांधावर बसून डब्यातली इडली आणि शेंगदाण्याची चटणी खायची आणि ऊन तापायच्या आत घरी यायचं. अम्मानं तीस वर्षं दाराशी एका जागी बसून विड्या वळल्या. सोलापुरात राहून तिनं सोलापूर पाहिलं नव्हतं. तिचा आठवडा त्या रविवारीच सुरू व्हायचा आणि तिथंच संपायचा. बाकीचे सहा दिवस गाडी माझ्याकडे असायची.

मी तेव्हा टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइनं काढायचो आणि संध्याकाळी मित्रांबरोबर चहाच्या टपरीवर उभा राहायचो. मित्र म्हणजे गाड्यांचे शौकीन. त्यांची एक मोजपट्टी होती. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत किती बोटं जातात? त्यांच्या गाड्यांत एक किंवा दोन जायची. आमच्या गाडीत आरामात चार जायची.

"ह्यात शेळी बसंल की," एकजण म्हणाला.

"पिल्लासकट," दुसरा म्हणाला.

तीस वर्षांच्या माणसानं हे मनावर घेऊ नये. मी घेतलं. आणि त्याच सुमारास नान्ना-अम्मा आठ दिवस तेलंगणात एका लग्नाला गेले.

गॅरेज होटगी रोडला होतं. मिस्त्री वयानं मोठे, बोलायला तिखट. मी आणलेल्या आखूड स्प्रिंगा त्यांनी हातात घेऊन फिरवून बघितल्या.

"देखो भाई," ते म्हणाले, "कंपनी का शॉकअप कंपनी की उंचाई के हिसाब से बना है. तुम गाडी को नीचे बिठा दिये, तो उसकी डंडी हमेशा आधी अंदरीच रैती. हिलने को जगा कम. ऊपर से ये स्प्रिंग कडक, उसकू रोकते रोकते वो थक जाता. छोटा वाला शॉकअप बी साथ में डालो."

"मिळंल का आत्ता?"

"मंगाना पडता. आठ दिन."

नान्ना परवा येणार होते. मी म्हणालो, "शॉकअप जुनेच राहू द्या. नंतर बघू."

"फिर मेरे कने रोते नको आना," मिस्त्री म्हणाले आणि जॅक लावायला गेले.

काम झालं. गाडी दोन बोटं खाली आली. खरं सांगतो, ती देखणी दिसत होती. त्या संध्याकाळी टपरीवर मी गाडी उभी केली, मित्रांनी फटीत बोटं घालून पाहिली आणि कुणी काही बोललं नाही. इतका आनंद मला त्याआधी क्वचितच झाला असेल.

आता नान्नांच्या डोळ्यांचं काय करायचं? घरात त्यांची एक लोखंडी पेटी होती. लूमची जुनी चाकं, पट्ट्या, पाने, बोल्ट, आयुष्यभर जमवलेले. उचलायला दोन माणसं लागत. अम्माला ती पेटी घरात नको होती आणि नान्नांना ती भंगारात द्यायची नव्हती, यावरून त्यांचं बारा महिने चालायचं. शेजाऱ्याला हाताशी घेऊन मी ती पेटी डिकीत नेऊन ठेवली.

स्टेशनवरून आल्यावर रिक्षातून उतरता उतरताच, पिशवी खाली ठेवायच्या आधी नान्नांनी गाडीकडे बघितलं. "गाडी बसल्यागत दिसतीय."

"तुमची पेटी डिकीत ठेवलीय, नान्ना. अम्माची कटकट नको, आन तुमचं सामान बी सुरक्षित."

नान्नांनी डिकी उघडून बघितली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. घरातला कोपरा मोकळा झाला म्हणून अम्मा खूश. दोघांनी मिळून एकाच दिवशी माझं कौतुक करण्याची ती पहिलीच वेळ होती. पेटी मग डिकीतच राहिली. तिला बाहेर काढावं असं घरात कुणालाच वाटत नव्हतं, मला तर नव्हतंच. बिचारे शॉकअप आधीच अर्धे आत दबलेले, त्यात आता त्यांच्या डोक्यावर आख्खा लूम बसला होता.

पहिले दोन महिने गाडी फक्त कडक वाटायची आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकाला पोटानं घासायची. नान्नांनी ठरवलं की चूक गतिरोधकाची आहे. एका दुपारी ते टेप घेऊन रस्त्यात बसले आणि त्याची उंची मोजली. मग हिप्परग्यापर्यंतच्या सगळ्याच गतिरोधकांची मोजली. वहीत तक्ता केला, खाली अर्ज लिहिला, गल्लीतल्या अकरा जणांच्या सह्या घेतल्या आणि महापालिकेच्या ऑफिसात नेऊन देण्यासाठी माझ्या हातात ठेवला. मी तो माझ्या कपाटात शर्टांच्या खाली ठेवला. पुढे प्रत्येक रविवारी नान्ना विचारायचे, "अर्जाचं काय झालं?" मी म्हणायचो, "वर गेलाय."

चौथ्या महिन्यात गाडी धुताना मला मागच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला. म्हणजे आतलं तेल अडवणारं सील गेलं होतं. मी काय करायला हवं होतं ते मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी काय केलं? फडक्यानं तेल पुसून टाकलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा आलं, मी पुन्हा पुसलं. शॉकअप मरत होते आणि मी त्यांचं तोंड पुसत होतो.

त्यानंतर गाडी खड्ड्यात आपटायची आणि वर आली की थांबायचंच विसरायची, डुलत राहायची. स्प्रिंगला आवरणारं कुणी उरलंच नव्हतं. प्रत्येक दणका सरळ सीटमधून माणसाच्या मणक्यात. सहा दिवस मी ती चालवत होतोच, पण माझी कंबर तिशीतली होती. नान्ना रविवारी परत आले की गाडीचं दार धरून क्षणभर उभे राहायचे. पुढे पुढे तर रविवारनंतर थेट गुरुवारपर्यंत ते वाकूनच चालायला लागले. डॉक्टरांनी कमरेचा पट्टा दिला. नान्ना तो शर्टाच्या आत बांधायचे, गल्लीत दिसू नये म्हणून.

एकदा जेवताना ते मला म्हणाले, "गाडी जरा बघून घे की. लई हादरतीय."

"परवाच दाखवली, नान्ना. गाडी एकदम ठीक हाय." आणि मग, भाकरीचा तुकडा मोडत मोडत, मी पुढे म्हणालो, "वय झालं आता तुमचं."

हे वाक्य बोललो याची मला आजही लाज वाटते. नान्ना म्हणजे चाळीस लूममधून एकाचा दोष कानानं ओळखणारा माणूस. त्यांना तो दोष ऐकू येत नव्हता असं नाही. पण पोरानं गाडी ठीक आहे म्हटल्यावर त्यांनी तो दोष स्वतःच्या कमरेत शोधला, आणि तिथं दुखत होतंच.

पुढच्या रविवारी अम्मानं नेहमीसारखा पहाटे उठून डबा भरला. साडी बदलली, चपला दाराशी सरळ केल्या. नान्ना अंघोळ करून आले आणि त्यांनी गाडीची चावी माझ्यासमोर ठेवली.

"आता तूच वापर," ते म्हणाले. "माज्यानं हुत न्हाय. वय झालं."

माझंच वाक्य, आता त्यांच्या तोंडी. गाडी आता सातही दिवस माझी झाली होती, ते वर्षभर मला हवंच होतं.  अम्मानं डबा उघडला, तीन ताटल्या घेतल्या आणि इडल्या वाढल्या. आम्ही स्वयंपाकघरात बसून तलावावरचं खाणं खाऊ लागलो. अम्मा दुसरी इडली न घेताच उठली आणि तिनं दारातल्या चपला उचलून आत ठेवल्या.

ते बघितलं आणि मी हातातली इडली ताटलीत ठेवली. मी म्हणालो, "नान्ना, जरा बाहेर या."

ते आले. मी म्हणालो, "ह्या मागच्या कोपऱ्यावर जोर देऊन दाबा आन सोडून द्या."

नान्ना आमच्याशी तेलुगू-मराठी दोन्ही बोलायचे, रागवायचे मराठीत, पण मोजायचे मात्र तेलुगूतच. त्यांनी गाडीचा कोपरा दाबला, सोडला आणि गाडी वर-खाली होऊ लागली. "ओकटी," ते पुटपुटले. "रेंडू. मूडू. नालुगू." चांगला शॉकअप गाडीला दुसरा हेलकावा घेऊ देत नाही. नान्नांनी हे कुणाकडून शिकायची गरजच नव्हती. ते पुढे जाऊन हळूच खाली बसले आणि पुढच्या चाकाच्या वरच्या फटीत, जिथं पेटीचं वजन पोचत नव्हतं, त्यांनी बोटं घातली. दोनच गेली.

"कवा?"

"तुमी लग्नाला गेलता तवा."

मग मी सगळं सांगितलं. स्प्रिंगा, मिस्त्री, आठ दिवस, नंतर बघू. नान्ना माझ्याकडे न बघता चाकाकडे बघत ऐकत होते.

"म्हंजे धोटा जोरात फेकायला लावलास," ते म्हणाले, "आन त्याला अडवनारं चामडं जुनंच ठिवलंस. मग चामडं जानारच की." त्यांनी उठून डिकी उघडली. "आन ही पेटी?"

"गाडी का बसली असं तुमी विचाराल म्हणून."

"अर्ज?"

"कपाटात हाय. शर्टाखाली."

एवढ्या वेळात अम्मा दारात येऊन उभी राहिली होती.  मी शिव्यांची वाट बघत होतो. त्याऐवजी नान्ना एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, "म्हंजे माजी कंबर..."

"चांगली हाय, नान्ना. कंबर चांगली हाय तुमची."

राग येण्याऐवजी त्यांचा चेहरा उजळला.  इतके दिवस या माणसानं स्वतःला मोडीत काढलं होतं, आणि आता आपली कंबर परत मिळाल्याचा आनंद त्यांना माझ्या लबाडीपेक्षा मोठा वाटत होता. निदान मला तसं वाटलं. मी त्यांना अजून ओळखत नव्हतो.

त्यांनी भर गल्लीत शर्टाची खालची बटणं काढली, आतून कमरेचा पट्टा सोडवला आणि माझ्या हातात दिला. "बांद."

"मी?"

"बांद. आन मागं बस." मग अम्माकडे वळून म्हणाले, "उरलेल्या इडल्या डब्यात भर."

मी चावी त्यांच्या हातात ठेवली आणि मागे बसलो. अम्मानं चपला पुन्हा बाहेर काढल्या.

हिप्परग्याच्या वाटेवर किती गतिरोधक आहेत आणि त्यातला कुठला किती उंच आहे, हे सोलापुरात नान्नांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी स्वतः मोजलेले. पुढे गतिरोधक आला की ते अम्माला कोपरानं खुणवायचे, ती वरची कडी धरायची, ते स्वतः सीटवरून बोटभर उठायचे, आणि ब्रेकला मात्र पाय लावायचे नाहीत. मागे माझं डोकं छपराला आणि कंबर सीटच्या लोखंडाला, आळीपाळीनं. माझ्या पाठीमागे डिकीत आयुष्यभराचे बोल्ट उडत होते. मध्ये एक मोठा खड्डा नान्नांनी चुकवला. मग गाडी मागे घेतली आणि त्यातून नेली.

"हळू चालवा की, नान्ना."

"गाडी एकदम ठीक हाय," ते आरशात बघून म्हणाले. "परवाच दाखवलीय."

तलावावर पोचलो तेव्हा ऊन वर यायला लागलं होतं. नान्ना आणि अम्मा बांधावर त्यांच्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. मला बसताच येईना. मी गाडीचं दार धरून वाकून उभा होतो, पट्टा शर्टावरूनच बांधलेला, येणारे-जाणारे बघत होते. पुढच्याच आठवड्यात त्या आखूड स्प्रिंगा निघणार होत्या, जुन्या उंच स्प्रिंगा आणि नवे शॉकअप बसणार होते, आणि मिस्त्री माझ्याकडे बघून एक शब्दही न बोलता हसणार होते. टपरीवर पुन्हा शेळी निघणार होती. त्या क्षणी मला यातलं काहीच सुचत नव्हतं. मला फक्त आडवं व्हायचं होतं.

अम्मानं एक इडली चटणी लावून हातावर घेतली आणि माझ्यासाठी आणायला उठायला लागली. नान्नांनी तिला हातानं थांबवलं.

"येईल तो हळूहळू," ते म्हणाले. "वय झालं आता त्याचं."

अम्मा हसली. विड्या वळायच्या त्या दाराशी मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, तोंडावर पदर न घेता. मी दार सोडलं आणि एक हात कमरेवर ठेवून बांध चढू लागलो.