आभाराच्या पानावरची चौथी ओळ

माझं जे काही शिक्षण झालं त्यात सगळ्यात मोठा वाटा आर्णीच्या बसस्टँडमागे पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांचा आहे. दुकानाला पाटी नाही. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणतं. कोठ्या, कूलरच्या टाक्या, पेट्या ते करतात. वस्तू गिऱ्हाइकाला देण्याआधी पाण्याने भरून वर्तमानपत्रावर ठेवायची आणि कागद कोरडा राहिला तरच द्यायची, ही त्यांची रीत.

आमच्या तांड्यात बोअरचं पाणी फ्लोराइडचं. माझ्याही दातांवर पिवळे पट्टे आहेत. म्हणून पीएच.डी.ला मी विषय घेतला तो उन्हाने पाण्याची वाफ करण्याचा. कॉपर सल्फाइड हा अर्धवाहक. त्याची अतिशय बारीक काळी पूड ऊन शोषून तापते. वाफ वरच्या तिरप्या काचेवर जमते, ओघळून पन्हाळीत येते, क्षार खाली राहतात. घरातला पहिला पदवीधर मी. आईला हे समजावताना फार अभिमान वाटायचा.

पण पूड पाण्यात कालवली की तळाला बसायची आणि सगळं पाणी नुसतं कोमट व्हायचं. या प्रयोगासाठी चाचांनी करून दिलेल्या पेटीतच दोष आहे असं समजून मी ती तिसऱ्यांदा दुरुस्तीला नेली. त्यांनी ती भरून ठेवली आणि खालचा कोरडा कागद मला दाखवला.

"पेटी चांगली हाय. तू हंडाभर पाणी कायले तापवून राह्यला? स्टोव्हची वात पाह्यली ना? रॉकेल खाली, जाळ वर. जेवढं वर चढते तेवढंच जळते."

मी सुती कापडाला पूड लावली, ते पाण्यावर तरंगणाऱ्या थर्मोकोलवर पसरलं आणि कापडाच्या कडेच्या पट्ट्या खाली पाण्यात सोडल्या. दुपारपर्यंत काचेवरून थेंब ओघळू लागले.

विभागात माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, वात कशी सुचली? मी म्हणालो, वाचता वाचता सुचली. पत्र्याच्या दुकानात शिकलो म्हटलं तर लोक हसतील असं वाटलं. एकदा तसं बोलल्यावर प्रबंधाच्या आभारात चाचांना घालता येईना. सरांनी विचारलं असतं, यांनी काय केलं?

प्रबंध बांधून आला तेव्हा पेढे घेऊन दुकानात गेलो. चाचांनी हात पुसले, पानं उलटली. सगळं इंग्रजी.

"माहं नाव कुठी हाय, दाखव."

मी आभाराच्या पानावर चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत प्रयोगशाळेला काचसामान देणाऱ्या भांडारपालाचे आभार होते.

चाचांनी त्या पानाची झेरॉक्स काढली, लॅमिनेशन करून दुकानात लावली. पोट्ट्यानं नाव छापलं, असं गिऱ्हाइकांना सांगत. पुढे आर्णीला गेलो की मी त्या रस्त्याने जाणं टाळू लागलो.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगी इंग्रजीत बीए झालेली. "आता तिच्याकडून पुरं पान वाचून घेतो. तू ये, तुह्या समोरच वाचू."

मी लग्नाआधी त्यांना हे पत्र पाठवलं.

"चाचा, सलाम.

दुकानातलं ते पान काढून टाका. त्यावर तुमचं नाव नाही. मी दुसऱ्याच्या नावावर बोट ठेवलं होतं. वातीची गोष्ट तुमची. मी ती माझी म्हणून सांगितली. सूनबाईंनी वाचण्याआधी हे माझ्याकडूनच कळावं.

काल सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता जो लेख छापायला पाठवतोय त्यात त्यांचं नाव घालू, पूर्ण नाव सांग. मला सांगता आलं नाही, चाचा. इतकी वर्षं तुमच्या दुकानात चहा प्यालो, नाव कधी विचारलं नाही.

सोबत माझा पत्ता लिहिलेलं पाकीट आहे. द्यावंसं वाटलं तर नाव आधार कार्डावर आहे तसं लिहून पाठवा."